मधल्या दाराची कडी

आमच्या जूचंद्रच्या घराचं छप्पर एक होतं आणि चुली दोन. आजोबा गेल्यावर थोरल्या काकांनी आणि बाबांनी आवाज न चढवता वाटणी केली. आडव्या घराच्या मधोमध विटांची भिंत घातली, उगवतीची बाजू काकांची, मावळतीची आमची. पंचायतीच्या दप्तरात दोघांनी आपापल्या नावावर वेगळे घर नंबर लावून घेतले, घरपट्टी वेगळी, विजेचा मीटर वेगळा. सगळं वाटून झालं, फक्त देव वाटता येईनात. ते काकांच्या माजघरात राहिले. सणावाराला आईला तिकडे जाता यावं म्हणून भिंतीत एक दार ठेवलं. त्याला आमच्या बाजूने कडी होती, पण ती कधी कोणी लावली नव्हती. देवाच्या वाटेला कडी कशी लावायची? त्या दारातून सकाळी काकीची विरजणाची वाटी इकडे यायची, इकडून कोलीम, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, घातलेल्या वांग्यांचा टोप तिकडे जायचा, आणि काकांच्या रेडिओवरच्या बातम्या आम्ही इकडे बसून फुकट ऐकायचो.

आई काकांशी बोलत नसे. भांडण नव्हतं, थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही ही तिच्या माहेरचीही रीत होती आणि सासरचीही. काकांना काही सांगायचं झालं की ती मला सांगे, मी नसले तर भिंतीला. "बाय, तुज्या काकांना सांग, भाकऱ्या निवतान." काका दोन हातांवर बसलेले असत, त्यांना सगळं ऐकू गेलेलं असे, तरी मी ते पुन्हा सांगायचं आणि त्यांनी उत्तर मलाच द्यायचं. लहानपणी मला या कामाचे पैसे मिळायला हवेत असं वाटायचं. आता सातव्या मजल्यावरच्या माझ्या घरात सून माझ्याशी आतल्या खोलीतून मोबाइलवर बोलते, तेव्हा मी हसते. निदान आमच्यात मधे माणूस तरी होतं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. वसईला एका वकीलसाहेबांकडे टायपिंगला जात होते. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, जामिनाचे कागद दोन वर्षांत इतके बडवले होते की मला मीच अर्धी वकील वाटायला लागले होते. साहेबांचं एकच सांगणं असे, की कागद पोलिसांचा असो नाहीतर कोर्टाचा, आधी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा आणि घाबरायचं असेल तर मग घाबरावं. हे वाक्य मी गावभर आपलंच असल्यासारखं सांगत फिरायचे. त्या मुलीचा मला आज थोडा राग येतो आणि थोडी तिची कीवही येते.

बाबांना आणि काकांना एक बहीण होती, पार्वती आत्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. आजोबांनी जिवंतपणी खाडीच्या बांधालगतचा एक तुकडा तिच्या नावावर करून दिला होता. त्यावर दोन खोल्या, चार शेवग्याची झाडं आणि कोंबड्या एवढा तिचा संसार. तिला सही करायला मी शिकवली होती. पेन्शनच्या कागदावर अंगठा उमटवायची तिला लाज वाटायची, म्हणून पाचवीत असताना मी रोज शाळेतून आल्यावर तिच्या ओट्यावर पाटी घेऊन बसायचे आणि ती मला त्याबद्दल उकडलेलं अंडं द्यायची. त्या वर्षी एके दिवशी कुंपणाचे खांब घेऊन माणसं तिच्या दारात आली आणि म्हणाली, जागा विकली गेली आहे. काकांनी एका बिल्डरला ती विकली होती. आत्याने आपल्याला विक्रीचा अधिकार दिल्याचा सहीचा कागद त्यांच्याकडे होता. आत्या म्हणाली, मी असली सही केलीच नाही, आणि सरळ पोलीस चौकीत गेली. काका घरात म्हणाले, "सही तिनंच केलन. आता लोकांनी तिला फितवलंय." त्या पैशातून जुनं घर पाडून दोघा भावांना पक्कं घर बांधायचं ठरत होतं. बाबांनी जास्त चौकशी केली नाही. आमच्याकडे त्यानंतर आत्याचं नाव निघालं की कोणीतरी उठून पाणी प्यायला जायचं.

पुढे पोलीस काकांच्या घराची झडती घ्यायला आले, त्याच्या आदल्या दिवशी दुपारी काका मधल्या दारात आले. हातात लाल फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं. मला म्हणाले, "आयेला सांग, गौरीचं सामान हाय. आमचेकडं उंदरांनी उच्छाद मांडलाय. तांदळाचे पिंपान ठेवा." आईने चुलीजवळून उठून हात धुतले, पदर सारखा केला आणि गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं. देवाचं म्हणून तिने ते उघडून पाहिलं नाही, पिंपात तळाशी ठेवलं आणि वरून तांदूळ सारखे केले. मी तेव्हा केस विंचरत होते आणि मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब ठाण्याला गेले होते म्हणून मला सुट्टी होती. आई भाकऱ्या थापत होती. बाबांची दुसरी पाळी, ते ओट्यावर दाढी करत बसले होते. जीप थांबल्याचा आवाज आला आणि आईच्या हाताचा थापण्याचा आवाज थांबला. एक फौजदार, तीन शिपाई, एक महिला पोलीस, आणि त्यांच्यामागे खाली मान घालून आमचे शाळेचे निवृत्त मास्तर आणि पिठाच्या गिरणीचे मालक. त्या दोघांना पंच म्हणून आणलं होतं. ते काकांच्या दाराकडे गेले. फौजदारांनी वॉरंट दाखवलं, वाचून दाखवलं, काकांनी दार उघडलं. न उघडून चाललंही नसतं. कोर्टाचं झडतीचं वॉरंट असलं आणि घरच्यांनी दार लावून घेतलं, तर पोलिसांना ते तोडून आत जाता येतं. आमच्या सोसायटीतल्या बायका मला अजून विचारतात, ताई, पोलीस आले तर दार उघडायचं का? मी सांगते, कागद मागा, कोर्टाचा शिक्का आणि न्यायाधीशांची सही बघा, पत्ता आपलाच आहे का ते बघा, आणि सगळं बरोबर असेल तर बाजूला व्हा. पंच हवेत, तुम्हाला समोर उभं राहू द्यायला हवं, काय नेलं त्याची यादी हातात मिळायला हवी. आता तर सगळ्याचं मोबाइलवर चित्रीकरणही करतात म्हणे. हे मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगते, आणि सांगून झाल्यावर मला त्या दिवशीचा माझा आवाज आठवतो.

तासभर भिंतीपलीकडे कपाटं सरकत होती, भांडी खाली उतरत होती. काकीच्या पितळेच्या डब्यांची झाकणं एकामागून एक उघडल्याचं आम्हाला ऐकू येत होतं. आई भाकरी तव्यावर विसरली आणि घरभर जळका वास पसरला. बाबांची दाढी अर्धीच राहिली होती, एका गालावर साबण सुकला होता. मग मधलं दार ढकललं गेलं आणि एका शिपायाने आमच्या उंबऱ्यावर पाय ठेवला. मी धावत जाऊन त्याच्यासमोर दोन्ही हात आडवे करून उभी राहिले.

"कागद दाखवा," मी म्हटलं.

शिपाई हसला. त्याच्यामागून फौजदार आले, घामाघूम झालेले. "अगं, दाखवला ना तिकडे. एकच घर आहे हे."

"मला वाचायचाय."

त्यांनी तो खरोखरच माझ्या हातात दिला. मी मोठ्याने वाचला, मास्तरांना आणि गिरणीवाल्यांना ऐकू जाईल असा. मौजे जूचंद्र, काकांचं नाव, घर नंबर एकशे एकोणीस. "हे घर एकशे वीस आहे," मी म्हटलं. "बाबांच्या नावावर आहे. मीटर वेगळा, घरपट्टी वेगळी. कोर्टाने ज्या जागेचं नाव लिहिलंय त्याच जागेची झडती घेता येते." आणि मी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली घरपट्टीची पावती काढून त्यांच्यासमोर धरली. आवाज छान लागला होता. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती.

फौजदार बराच वेळ पावतीकडे आणि दाराकडे आळीपाळीने बघत राहिले. चांगला माणूस होता तो; दुसऱ्या कोणी मला बाजूला ढकललं असतं. त्यांनी मला वकीलसाहेबांकडे पाहिलेलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "तातडी असेल तर कारणं लिहून मला बिनवॉरंटचंही आत येता येतं, हे तुझ्या साहेबांनी शिकवलं नाही वाटतं. पण उद्या आरोपीचा वकील कोर्टात हाच नंबर काढून बसायचा." त्यांनी घड्याळ पाहिलं. "मी तुमच्या नंबरचा कागद घेऊन येतो. तोवर पुढच्या आणि मागच्या दाराशी माझी माणसं उभी राहतील. घरातलं काही बाहेर जाणार नाही." एक शिपाई ओट्यावर बसला, महिला पोलीस मागच्या न्हाणीजवळ उभी राहिली, जीप वसईला गेली. मास्तर जाता जाता मला म्हणाले, "बरोबर बोललीस हो." माझे पाय जमिनीवर नव्हते.

जीपचा आवाज गेल्यावर काका मधल्या दारातून आत आले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पोरीनं घराण्याची लाज राखलन," ते बाबांना म्हणाले आणि मग आवाज खाली करून मला, "बाय, आता आयेला बोल, ते गाठोडं दे. चूल पेटलेलीच हाय."

गौरीचं सामान चुलीत? आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. मी काही विचारायच्या आत ती पिंपाजवळ गेली, कोपरापर्यंत हात घालून तिने गाठोडं वर काढलं आणि गाठ सोडली. तांदूळ जमिनीवर सांडले. आत नोटरीच्या नावाचा एक रबरी शिक्का होता, आत्याच्या पेन्शनच्या अर्जाची झेरॉक्स होती आणि एक शंभर पानी वही. वहीत पानापानावर एकच नाव लिहिलेलं होतं. पहिल्या पानावरचं 'पार्वती' कोणाचंही असू शकलं असतं. पुढे अक्षरं वाकडी होत गेली, थबकत गेली, आणि शेवटच्या पानांवरची मला आत्याच्या हाताची वाटली. मी शिकवलेली. थोड्या वेळापूर्वी याच्याच आड मी दोन हात पसरून उभी राहिले होते.

"आन तं इकडं," काकांनी हात पुढे केला.

आईने वही मिटली, फडक्याला गाठ मारली आणि गाठोडं छातीशी धरून उभी राहिली. मग वीस वर्षांत पहिल्यांदा ती काकांकडे बघून बोलली. "देवाचं म्हनून दिलंत, भावजी. मी हात धुऊन घेतलं."

काका गोंधळले. काय बोललं गेलं त्यापेक्षा कोण बोललं यानेच ते दोन पावलं मागे सरले, अगदी उंबऱ्यापलीकडे. आईने दार लोटलं आणि कडी चढवली. गंज खाल्लेली कडी एका झटक्यात बसेना, तिने तळहाताने दोनदा ठोकली.

पुढचे पाच तास मला अजून स्वप्नात येतात. काका आधी हळू बोलले. मग बाबांना हाका मारल्या, नावाने, लहानपणीच्या नावाने. मग म्हणाले, नवं घर तुमचंही होणार होतं, मी एकट्यासाठी केलं काय? मग दारावर लाथ बसली आणि चौकटीतून माती पडली. ओट्यावरचा शिपाई आत डोकावला. "काय चाललंय?" आई म्हणाली, "कंय नाय. आमचं घरचं हाय." एवढं झालं तरी तिला घरची गोष्ट बाहेर जायला नको होती. मी कुजबुजले, त्याच्याच हातात देऊन टाकूया का, सुटू एकदाच्या. पण टायपिंगने मला तेवढं शिकवलं होतं. आपण होऊन बाहेर नेऊन दिलं तर काका म्हणाले असते, ही वही पोरीनेच लिहिली, सही तिनेच तर शिकवली होती. ते पिंपातूनच निघायला हवं होतं, पंचांसमोर, यादीत लिहून. आईने गाठोडं परत तळाशी ठेवलं, सांडलेले तांदूळ वेचून वर घातले आणि पिंपाला पाठ लावून खाली बसली. सकाळी ज्या कागदावाचून मी पोलिसांना परतवलं, तोच कागद कधी येतो म्हणून मी आता रस्त्याकडे कान लावून बसले होते.

बाबा मात्र मधेच बसले होते, दार आणि पिंप यांच्या बरोबर मधे, अर्ध्या दाढीने. दुपारी पलीकडून काकी रडायला लागली. ती काही मागत नव्हती, नुसती रडत होती, आणि ते सगळ्यात वाईट होतं. बाबा उठले. कडीला हात लावला. आई जागची हलली नाही, नुसती म्हणाली, "उघडा. पन मग पारवतीला तुमीच जाऊन सांगा, चुलीत कं जाललं ते." बाबा कडीवर हात ठेवून उभे राहिले. किती वेळ ते मला सांगता यायचं नाही. चुलीवरची डाळ करपली तरी कोणी उतरवली नाही. शेवटी त्यांनी हात काढला आणि ओट्यावर जाऊन शिपायाला चहा घेणार का विचारलं.

साडेचारच्या सुमारास जीप आली. या वेळी कागदावर बाबांचं नाव आणि एकशे वीस नंबर होता. फौजदारांनी तो माझ्यासमोर धरला. मी वाचला नाही. त्यांनीच म्हटलं, "वाच. मग आत येतो." मी वाचला, मोठ्याने नाही. आई पिंपासमोरून उठली आणि बाजूला झाली. महिला पोलिसाने तांदळात हात घातला. मास्तरांनी यादी लिहिली, एक वही, एक शिक्का, एक झेरॉक्स, एक लाल फडकं. बाबांनी यादीच्या प्रतीवर सही करताना पेन दोनदा खाली ठेवलं. मग ते आत जाऊन आरशासमोर उभे राहिले आणि उरलेली अर्धी दाढी केली.

आत्याची जागा वाचली. काकांना चौकीत नेलं, जामीन झाला, खटला पुढे अनेक वर्षं चालला. ते सगळं मी दुसरीकडे लिहिलं आहे. मधलं दार महिन्याभरात विटांनी बुजलं, ते काकांनी त्यांच्या बाजूने बुजवलं. आईने आमच्याकडे एका पाटावर नवे देव मांडले आणि बाबा आयुष्यभर त्यांना हात न जोडता कामावर गेले. आईला ते एका शब्दाने बोलले नाहीत. मला वाटतं, बोलले असते तर बरं झालं असतं.

झडतीनंतर तीन दिवसांनी आत्या आली. मला वाटलं, मिठी मारेल. आईने पाट मांडला तरी ती बसली नाही, दारातच चौकट धरून उभी राहिली.

"पयले आलते तवा आत का नाय जाऊ दिलंस?" तिने मला विचारलं.

मी तिला सगळा कायदा सांगितला. घर नंबर, कोर्टाने नेमून दिलेली जागा, दुसऱ्या वॉरंटमुळे पुरावा कसा पक्का झाला, आता कोणी वकील बोट ठेवू शकणार नाही. ती ऐकत राहिली. मी थांबल्यावर म्हणाली, "तुजा कायदा बरोबरच असंल, बाय. मना त्यातलं कं समजतंय. मी समोर चिंचेखाली उभी व्हती सकाळपासना. तू हात आडवं केलंस ते मी बघितलं. जीप गेली तवा मी बोलली, गेली जागा. हीपन त्यांचीच."

"आत्या, मला तेव्हा माहीत नव्हतं. गाठोड्यात काय आहे ते खरंच माहीत नव्हतं."

"गाठोड्याचं नाय इचारत मी." तिने पदराने तोंड पुसलं. "दोन महिने जाले. तू रोज माजे दारावरनं बस धरायला जातंस. एक दिस तरी थांबून इचारलंस, आत्या, तू सही केलंस का?"

आई चुलीकडे वळली. मी आत्याच्या पायांकडे बघत राहिले, त्यांना बांधावरचा चिखल लागला होता. मी विचारलं नव्हतं.